बिनकाट्याचं कुंपण

आप्पा दुसऱ्यांदा हरवले, ते रेल्वे फाटकाजवळ सापडले. फाटक पडलेलं होतं म्हणून थांबले होते, एवढंच. अंगात बंडी, पायात माझ्या चपला, हातात रिकामी पिशवी. मला बघून म्हणाले, "बोरगावची गाडी अजून कशी आली न्हाय गं?"

आप्पा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म बोरगावात, तंबाखूच्या शेतात गेला. आई गेल्यावर मी त्यांना अनगोळला माझ्या घरी आणलं. भाऊ पुण्यात संसारात, मी एकटी, शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली. त्यामुळे कोण बघणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. सुरुवातीला ते चष्मा विसरायचे. मग आई गेलेली विसरायला लागले. मग शेत दुसऱ्याला कसायला दिलंय, हेही विसरले. रोज सकाळी न्याहारी झाली की उठायचे आणि थेट गेटकडे. "तंबाखू खुडायला आलीया. बायका येऊन थांबल्या असतील."

मी गेटला कुलूप घातलं. तर ते गज धरून उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ओ पावनं, ह्या बाईनं मला कोंडून घातलंय." एकदा एक गृहस्थ खरंच स्कूटर लावून आत आले. मी त्यांची मुलगीच आहे, हे मला अंगणात उभं राहून पटवून द्यावं लागलं. तोवर आप्पा दोन फुटी कंपाउंडवरून पाय टाकायच्या बेतात.

डॉक्टर म्हणाले, "रस्ता दिसतो म्हणून जावंसं वाटतं. दिसेनासा करा." भाऊ फोनवर म्हणाला, "भिंत उंच करून घे." पण तसली भिंत दिवसभर बघायची तर मलाच होती. म्हटलं, झुडपं लावू. मधलं गेट काढून मी तिथली फट बुजवली, गेट घराच्या बाजूला, मागच्या बोळात बसवून घेतलं, आणि रिक्षा करून कंग्राळीकडच्या नर्सरीत गेले. शेजारच्या वहिनी तासभर आप्पांपाशी बसायला तयार झाल्या होत्या. तेवढा एकच तास हातात.

नर्सरीवाला कानडी माणूस, मराठी सावकाश बोलायचा. त्याने आधी बोगनवेल दाखवली. रंग बघून मी हात पुढे केला आणि काटा लागला. "काटे नकोत. घरात म्हातारं माणूस आहे."

"मग कण्हेर घ्या आक्का. पाणी नको, काय नको."

कण्हेर विषारी. आणि आप्पांची तंबाखू डॉक्टरांनी बंद केल्यापासून हाताला लागेल ते पान ते तळहातावर घ्यायचे, अंगठ्याने चोळायचे आणि ओठात धरायचे. मी ते सांगितलं. त्याने पिवळ्या पानांचा ड्युरँटा पुढे केला होता, तो स्वतःच बाजूला ठेवला. "ह्याची फळं वाईट." घाणेरीला तर त्याने हातही लावला नाही. क्रोटनचा चीक, तगरीचा चीक. कामिनी चांगली, वासाची, पण वर यायला चार वर्षं. माझ्याकडे चार वर्षं नव्हती.

शेवटी तो म्हणाला, "जास्वंद न्या. काटा नाही, विष नाही. फूल देवाला, आणि त्यांनी खाल्लं तरी चालतंय." साधी, एकेरी पाकळीची लाल जास्वंद. चौदा रोपं घेतली.

जूनमध्ये लावली. दोन-दोन फुटांवर खड्डे, शेणखत, निंबोळी पेंड. रोपं गुडघ्याच्या वर आली तेव्हा नर्सरीवाला बघायला आला आणि म्हणाला, "आता अर्धी कापा."

"अहो, मला उंच पाहिजेत."

"उंच पाहिजे तर आधी खाली कापायचं. नाहीतर वर पानं आणि खाली नुसत्या काठ्या. माणूस मधून जातोय."

मी कापली. आप्पा पायरीवर बसून बघत होते. "ह्याचा काय उपेग?" म्हणाले. "न्हाय खायाला, न्हाय जनावराला."

पण आठवड्याभराने मी चहा घेऊन बाहेर आले, तर आप्पा ओळीपुढे उभे. डावा हात पाठीमागे, उजव्या हाताचा अंगठा आणि बोट कोवळ्या शेंड्यावर. कट. पुढचं रोप. कट. तंबाखू खुडत होते. तंबाखूचा शेंडा खुडला की पान मोठं होतं, जाड होतं, हे मी लहानपणी त्यांच्याकडूनच ऐकलेलं. मग बगलेतून फुटवे येतात आणि तेही काढावे लागतात, नाहीतर खुडण्याचा उपयोग नाही. आप्पांना खुडणं आठवत होतं. फुटवे काढायचे, हे ते विसरले होते.

म्हणजे एक शेंडा खुडला की दोन फुटत होते, दोन खुडले की चार. जास्वंद दाट व्हायला अजून काय लागतं? माझ्या कात्रीने झालं नसतं इतकं ते कुंपण त्यांच्या बोटांनी दाट होत गेलं. मी हे बघत होते. आणि मी काय केलं, तर न्याहारी झाली की म्हणायला लागले, "आप्पा, कोपऱ्यातलं रान राहिलंय खुडायचं."

"राहिलं व्हय?" असं म्हणून ते उठायचे. दहा ते बारा मला मोकळे मिळायला लागले. त्या वेळात मी स्वयंपाक करायची, केस धुवायची, कधी नुसतीच बसायची. एकदा खिडकीतून बघत असताना मला रडू आलं. त्यांना हाक मारून आत बोलवावं असं वाटलं. पण मी हाक मारली नाही.

कीड पडली की औषध मारता येत नव्हतं, कारण पानं त्यांच्या तोंडात जायची. पांढरा पिठ्या ढेकूण आला तेव्हा साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून मी चौदा झाडांची फांदी न् फांदी पुसली. त्यात दोन महिने गेले. मावसबहिणीच्या मुलीचं निपाणीत लग्न होतं, तिथं मी गेले नाही. पुढच्या बारशालाही नाही. मग बोलावणी यायची थांबली.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर कुंपण आप्पांच्या डोक्यावर गेलं. रस्ता दिसेनासा झाला. एका सकाळी ते खुडता खुडता थांबले आणि स्वच्छ डोळ्यांनी माझ्याकडे बघून म्हणाले, "हितनं दार हुतं न्हवं?"

खोटं बोलायचं धाडस झालं नाही. "होतं, आप्पा. आता बाजूला केलंय."

"मग चल की."

मी किल्ली आणली. त्यांचा हात धरून बोळात गेले आणि गेट सताड उघडलं. ते उंबरठ्यावर उभे राहिले. समोरून एक भाजीची गाडी गेली. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग म्हणाले, "कुठं जायाचं हुतं गं?"

मी म्हणाले, "बोरगावला."

"कोन हाय तिथं?"

ते आपणहून मागे वळले. त्यानंतर त्यांनी दाराचं कधी विचारलं नाही.

गेल्या दिवाळीपासून आप्पा अंथरुणावर आहेत. घास भरवावा लागतो. आता कुंपणाची गरज नाही, ते कमरेपर्यंत उतरव, असं भाऊ म्हणतो. पण ते वाढतच चाललंय. पुढच्या खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागतो.

फेब्रुवारीत आप्पा झोपलेले बघून मी कात्री घेतली आणि खिडकीसमोरच्या तीन झाडांना हात घातला. फांद्या अंगठ्याएवढ्या झालेल्या. तासभर लागला. शेवटची फांदी पडली आणि एकदम रस्ता दिसला. पलीकडे नवीन घर झालं होतं, दुमजली. त्याच्या दारात एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने मला बघितलं आणि दचकली.

"अगंबाई," ती म्हणाली, "इथं कोण राहतंय होय? आम्हाला दीड वर्ष झालं येऊन. आम्ही घर बंदच समजत होतो."

"मी राहते," मी म्हणाले. "मी आणि माझे वडील."

ती हसली. "जास्वंद मात्र सुंदर ठेवलीय हां तुम्ही."

आतून आप्पांनी कण्हल्यासारखा आवाज केला. मी तिला "येते हं" म्हणाले आणि कात्री तिथेच पायरीवर टाकून आत गेले.