सुईच्या भोकातला उजेड

विमलताईंनी पडद्याची घडी शिलाई मशीनवरच टाकली.

"निलोफर, मी तुले पडदा सांगितला होता का चाळणी? बापूजीच्या डोळ्याचं आपरेशन झालं, त्याईले उजेड चालत नाही म्हणून घेतला. अन् दुपारी पाह्यतो त पलंगभर ठिपके! बापूजी म्हणते, सूनबाई, माह्या अंगावर गोंदण कोणं काढलं?"

निलोफरने घडी उलगडून शिलाईवरून बोट फिरवलं. शिलाई सरळ होती.

"माह्या पडद्यातून तेवढा उजेड येते, ताई."

"येते कसा? तूच मांगं सांगितलं होतं, शिलाईवर पट्टी मारली का सुईची भोकं बुजते."

"सांगितलं होतं," निलोफर म्हणाली आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा. पानी आणतो."

दारव्ह्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत निलोफरचं घर आहे. पुढच्या खोलीत मशीन, मागे झोपायची खोली, वर टिनाचं छप्पर. गावातल्या बऱ्याच घरांच्या खिडक्यांना तिच्या हातचे पडदे आहेत. चुण्या सारख्या, खालची पट्टी रुंद, कुठे दोरा लोंबायचा नाही. तिच्या स्वतःच्या खिडकीला मात्र कित्येक वर्षं एक विटकी ओढणी बांधलेली होती. लगीनसराईत लोकांचंच काम उरकत नसे. अब्रार तिला चिडवायचा, "साऱ्या दारव्ह्याले पडदा देल्ला तू, एक मीच उघड्यावर हाओ."

अब्रार तिचा नवरा. पिकअप चालवायचा. संध्याकाळी भाजीपाला भरून निघायचा, रात्रभर गाडी हाकत नागपूरच्या मंडीत पोचायचा आणि सकाळी परत. जग उठायचं तेव्हा तो आडवा व्हायचा. थंडीत, पावसाळ्यात निभायचं. उन्हाळ्यात मात्र खिडकीतून थेट पलंगावर ऊन, वर टिन तापलेलं, कूलर गरम हवा फेकणारा. तो ह्या कुशीवरून त्या कुशीवर होत राहायचा आणि लाल डोळ्यांनी उठून पुन्हा गाडीवर जायचा.

यंदाच्या मे महिन्यात एक दिवस तो घरी आला आणि चपला न काढताच दारात बसला.

"कळंबच्या अलीकडं डोळा लागला," तो म्हणाला. "गाडी रस्ता सोडून खाली उतरली. झाड समोर आलं तवा जाग आली."

निलोफरच्या हातात कुणाचा तरी ब्लाउज होता. तिने तो बाजूला ठेवला. त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला, ह्या माणसाला झोप मिळाली पाहिजे. नाहीतर एखाद्या रात्री तो येणारच नाही.

तिने गिऱ्हाइकांची कामं मागे टाकली. बाहेरच्या अंगाला पांढरी जाड चादर लावली, म्हणजे ऊन परत फिरेल. मधे काळं छत्रीचं कापड. मोडक्या छत्र्या गोळा करून तिने त्यांच्या त्रिकोणी कळ्या उसवल्या आणि एकीला एक उलटी जोडत सलग पट्टा केला. आतून विमलताईंच्याच आधीच्या एका पडद्यातलं उरलेलं मेंदी रंगाचं कापड. तिन्ही थर मिळून उभ्या शिलाया मारल्या. मशीनची सुई दोनदा तुटली. पडदा इतका जड झाला की खिडकीची जुनी स्प्रिंग वाकली, लोखंडी गज ठोकावा लागला. कूलर मागच्या दारात बसवला आणि हवा निघायला खिडकीची झडप पडद्याआड उघडी ठेवली.

पहिल्या दिवशी अब्रार आत गेला आणि मोठ्याने हसला.

"अवो, इकडं ये. दिवसा चांदण्या दाखवल्या तू मले!"

खोली अंधारी, गार झाली होती. पण जिथे जिथे शिलाई होती तिथे सुईच्या भोकांतून ऊन आत येत होतं. पलंगावर, भिंतीवर, अब्रारच्या पांढऱ्या बनियनवर बारके गोल ठिपके पडले होते.

"हट, हे काय झालं," निलोफर ओशाळली. "थांबा, संध्याकाळी पट्टी मारतो."

"राहू दे न. चांगलं दिसते."

बोलता बोलताच त्याला झोप लागली. निलोफर उंबऱ्यावर बसून बघत राहिली. श्वास आत गेला की बनियनवरचे ठिपके वर यायचे, बाहेर आला की खाली बसायचे. कितीतरी दिवसांनी तो असा सलग झोपला होता. तिला तिथून उठवतच नव्हतं.

पण हातात कला असली की माणसाला खोट सहन होत नाही. माझ्या हातचा पडदा आणि भोकं? तो कामावर गेल्यावर तिने पडदा उतरवला आणि छत्रीच्या उरलेल्या कापडाच्या पट्ट्या कापून एकेका शिलाईवर हाताने टाचल्या. पुन्हा टांगला. सकाळी ऊन आलं तरी खोलीत हात दिसेना.

त्याच सकाळी अब्रार आला तो घामाने निथळत.

"हा हात जड वाटून राह्यला," डावा दंड चोळत तो म्हणाला. "इथं छातीतही भरल्यासारखं."

"रातभर स्टेरिंग धरून असते. लिंबूसोडा देऊ?"

"दे. गॅस असंन."

"झोप काढा. झोप झाली का सारं उतरते."

तो प्याला, ढेकर दिली, आत जाऊन आडवा झाला. निलोफरने दार ओढून घेतलं.

मग तिने त्या झोपेची राखण केली. दूधवाल्याला घंटी वाजवू दिली नाही. गल्लीत खेळणाऱ्या पोरांना हाकललं. समोर रामधनची पिठाची चक्की सुरू झाली तशी डोक्यावर ओढणी घेऊन ती तिथे गेली.

"रामधनभाऊ, जरा बंद ठेवा. माह्या माणसाले आज कुठं झोप लागली."

"वा भाभी! पडदा तुमच्या खिडकीले अन् बंदी माह्या चक्कीले?" रामधन म्हणाला. पण त्याने पट्टा उतरवला आणि बायांचे डबे एका बाजूला ठेवून बिडी पेटवली.

तिने मधे दोनदा दार लोटून पाहिलं. आत गार अंधार आणि कूलरची घरघर. काही दिसलं नाही, आणि काही दिसत नाही याचंच तिला समाधान वाटलं. आज उठून म्हणतील, पडदा असावा तर असा.

ऊन उतरल्यावर ती चहा घेऊन आत गेली. चाचपडत पलंगापाशी पोचली आणि त्याच्या पायाला हात लावला. पाय गार होते. उन्हाळ्यात त्याचे तळवे नेहमी तव्यासारखे तापलेले असायचे. पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

"उठा न," ती म्हणाली. "चहा आणला."

पुढे तिच्या किंकाळीने रामधन धावत आला. त्याने पडदा एका हाताने ओढला तो गजासकट खाली आला. उजेडात तिने पाहिलं, अब्रारच्या मुठीत चादर होती. घट्ट धरलेली. त्याने हाक मारली असेल का? कूलरच्या आवाजात तिला ऐकू आली नसेल का? डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेले असावेत, अटॅक असेल. लवकर आणलं असतं तर, हे तिने विचारलं. त्यांनी 'सांगता येत नाही' म्हटलं. ते उत्तर तिला अजून पुरलेलं नाही.

इद्दत तिने त्याच खोलीत काढली. चार महिने दहा दिवस विधवेने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, परक्यासमोर यायचं नाही. खिडकी रस्त्यावर, म्हणून बायांनी तोच पडदा परत टांगला. "किती चांगला शिवला माय," एक म्हणालीसुद्धा. पुसदला दिलेली मुलगी, फरहाना, सोबतीला येऊन राहिली. तिने एका दुपारी पाहिलं, अम्मी पलंगावर उभी राहून पडद्याच्या पट्ट्या उसवत होती.

"अम्मी, काहून काढून राह्यली? अंधार जाईन न."

"जाऊ दे."

सगळ्या पट्ट्या निघाल्या. पण पावसाळ्याचं आभाळ भरलेलं होतं. भोकं होती, ऊन नव्हतं. निलोफर रोज सकाळी खाली चटईवर बसून पलंगाकडे बघायची. इद्दत संपता संपता एक दिवस आभाळ मोकळं झालं आणि ठिपके आले. रिकाम्या गादीवर पडले आणि तिथेच राहिले. त्यांना उचलणारं तिथे कोणी नव्हतं. तेव्हा ती, फरहानाने इतके दिवस वाट पाहिली होती तशी, मोकळी रडली.

इद्दतीनंतर मशीनवर आलेलं पहिलं काम विमलताईंचा हा पडदा.

पाण्याचा पेला रिकामा झाला होता. निलोफरने यातलं काही सांगितलं नव्हतं. पाय गार लागले ते आणि मुठीतली चादर तिने फरहानालाही सांगितलेली नाही. विमलताईंना तिने एवढंच म्हटलं, "बापूजीच्या डोळ्यावर हिरवी पट्टी असते न? तेवढ्यानं भागते. पण झोपले का तुमी दारातून त्या ठिपक्याकडं पायत जा. छातीवरचे हालते का, तेवढं."

अब्रारच्या मयतीला विमलताई आल्या होत्या. त्या दिवशी गल्लीतली चक्की बंद होती, तेही त्यांना आठवलं असावं. त्यांनी पडद्याची घडी नीट केली आणि पिशवीत घातली.

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या.

"अन् शिलाई उसवली त?"

"त आणजा. दोरा घालून देईन," निलोफर म्हणाली. "पट्टी नाई लावणार."

समोर रामधनची चक्की सुरू झाली. निलोफरने मशीनमध्ये काळा दोरा ओवला आणि पुढचं कापड सुईखाली घेतलं.