सायबाने बाजूला ठेवलेला तुकडा

शेवटच्या शुक्रवारी आम्ही दोघांनी नईम भागातल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात खुबूस आणि मच्छी खाल्ली, आणि सायबाने नेहमीसारखा आपल्या खुबूसचा वरच्या उजव्या अंगाचा तुकडा फाडून ताटाच्या कडेला ठेवून दिला. एवढा हट्टी माणूस अख्ख्या बहरैनमध्ये झाला नाही, पुढेही होणार नाही. खुबूस म्हणजे इथली अरबी रोटी, ताटाएवढी गोल. सायबाच्या लेखी मात्र ती रोटी नव्हतीच. तो आयर्लंडचा नकाशा होता.

तो फोरमन, मी वेल्डर. मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही जहाजांचे पत्रे जोडण्यात जन्म घालवला. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे त्याच्या मुलखाचं राजकारण मला रोटीवरच समजलं. खालचा मोठा भाग म्हणजे वेगळा देश, वरचा तुकडा इंग्लंडकडे. दोन्हीकडच्या लोकांनी मत देऊन हो म्हटलं तर तुकडा जोडायचा, असा करार झालेला आहे. पण वरच्या तुकड्यात मत कधी घ्यायचं ते लंडनचा मंत्री ठरवणार, तेही बहुतेक लोक हो म्हणतील असं त्याला वाटलं तर. "म्हणजे भात शिजला असं आधी वाटलं पाहिजे, मगच झाकण उघडून बघणार," असं म्हणून सायब कपाळावर हात मारायचा.

हे सगळं तो ज्याला त्याला सांगायचा. हिद्द गावात एकदा न्हाव्याने अर्धं डोकं केलं असताना हा उठला आणि आरशावर साबणाच्या फेसाने नकाशा काढायला लागला. न्हावी वस्तरा धरून उभा. शेवटी म्हणाला, "खलास बाबा, समझ गया, अब बैठो!" माझ्या नातीच्या शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात त्या दोन भागांमधली रेघ त्याने खोडरबराने खोडायला घेतली. इतकी घासली की कागदाला भोक पडलं. नात रडायला लागली, "ग्रँडपा, ही मेड अ होल!" मी म्हटलं, "सायब, देश जोडायला बसलास आणि होता तोही घालवलास." दुसऱ्या दिवशी त्याने तिला नवं पुस्तक आणून दिलं. त्यातली रेघही खोडून आणली होती, पण हलक्या हाताने.

गंमत म्हणजे वरच्या तुकड्यात ज्या लोकांना ही जोडणी नको होती त्यांच्यातलाच हा. आम्ही वसईचे कॅथलिक, हा प्रॉटेस्टंट. आमच्या मिस्साला चर्चच्या आत यायचा नाही, बाहेर गाडीत बसून राहायचा, पण मिस्सा सुटला की चहाच्या रांगेत पहिला. त्याचा बाप आणि भाऊ इंग्लंडच्या बाजूचे. बापाला पुरून आल्यावर जेवणाच्या टेबलावरच दोघा भावांची जुंपली, आणि हा बोलून बसला की देश एक होईल तेव्हाच या घरात पाय ठेवीन. त्याला चाळीस वर्षं झाली. दर नाताळला भावाचं कार्ड यायचं, त्यावर नाव आणि फोन नंबर, बाकी अक्षर नाही. सायब ते फ्रिजवर चिकटवायचा. उत्तर कधी धाडलं नाही.

त्याला ऐकवायची ती एकटी माझी बायको. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा त्याने तुकडा बाजूला ठेवलेला पाहून ती म्हणाली, "अन्न असं टाकायचं नाही, सायब."

"मॅडम, तो माझा नाही. माझ्या भावाचा आहे. ओढून घ्यायचा नाही, त्याने आपणहून दिला पाहिजे."

"मग जा की भावाकडे! मत द्यायचं तर तिथं राहायला नको? तुम्ही इथं रुसून बसलात, तिथं तुमच्या बाजूचं एक मत कमीच ना?"

सायबाचा घास हातातच राहिला. मग मला म्हणाला, "वेल्डर, हिला आमच्या बेलफास्टला पाठव. तिथं हे कुणाला सुचलं नाही." तिने तो तुकडा आंबट कालवणात बुडवला आणि त्याच्यापुढे ठेवला. "घ्या. भावाने दिला असं समजा." आणि त्याने खाल्ला! मग दर शुक्रवारी आमच्याकडे हेच. तिच्या हातचा तेवढा तो खायचा.

गेल्या वर्षी ती गेली. माती टाकून सगळे निघाले, हा टोपी काढून उन्हात उभा. त्यानंतर आमचे शुक्रवार हॉटेलात, आणि तुकडा ताटात तसाच. तो कालवणात बुडवून द्यायला माझा हात कधी पुढे झाला नाही.

त्या शेवटच्या शुक्रवारी तो म्हणाला, "लोकांचं मन हळूहळू वळतंय म्हणतात. पण मी काही ते बघायला राहत नाही. भाऊ आजारी आहे असं ऐकलं. मॅडमचंच बरोबर होतं. जाऊ का रे?"

मी म्हटलं, "कशाला? तुझा देश काय तुझ्या हयातीत जुळत नाही. भाऊ चाळीस वर्षांत एकदा तरी आला का? बस गप इथंच."

देशाशी मला काय करायचं होतं? हा गेला असता तर शुक्रवारी माझ्यासमोर बसायला कोण होतं? तेवढं मात्र मी बोललो नाही. सायब हसला. "इंशाल्ला, पुढच्या वर्षी बघू," म्हणाला आणि हात धुवायला उठला. वेटर तुकड्यासकट ताट घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बिल्डिंगच्या वॉचमनचा फोन आला. झोपेतच गेला होता. मी फ्रिजवरचं कार्ड काढलं आणि त्यावरचा नंबर लावला. पलीकडे म्हातारा आवाज, अगदी सायबाचाच. माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मग त्याने विचारलं, "माझं नाव काढलं होतं का त्याने?"

खरं ते तोंडावर बोलायची माझी खोड, तिच्यापायी मी सोयरे तोडलेत. "ही वॉज कमिंग," मी म्हटलं. "टिकिट डन, ब्रदर. कमिंग टू यू."

तो रडायला लागला. त्याने ठेवीपर्यंत मी फोन कानाला धरून उभा राहिलो.