आम्ही बघायला आलोय

माझ्या माहेरी जायला हल्ली ऑनलाइन बुकिंग करावं लागतं.

झालं असं, की माझी मुलगी मुक्ता बेंगळुरूहून सुट्टीवर आली आणि तिने जुन्या नाशकातल्या पायी सहलीत आम्हा दोघींची नावं घातली. गाइडबरोबर! दर्गा, जैन मंदिर, तांबट आळी आणि शेवटी गंगेचा घाट. (गोदावरी हो! आम्ही नाशिककर तिला गंगाच म्हणतो.) त्यातली तांबट आळी म्हणजे माझं माहेर. आई-वडील गेले, भावाने घर विकलं, तो पुण्याला गेला. मी राहते गंगापूर रोडला, रिक्षाने अगदी जवळ. पण तिकडे जायचं कुणाकडे?

"माझ्याच आळीत मी गाइडच्या मागे फिरू?" मी कडाडले.

"आई, एकदा त्या गॅलरीत उभं राहायचंय, असं तूच म्हणतेस ना?"

मी निमूट चपला घातल्या. आमच्या गॅलरीतून गंगेचा हाताएवढा तुकडा दिसायचा आणि खालून पहाटेपासून रात्रीपर्यंत तांब्याच्या भांड्यांवर हातोड्यांची ठकठक. लग्नानंतर कितीतरी दिवस सासरच्या शांततेत मला झोपच येत नसे!

गाइड ऋत्विक गोड मुलगा होता. पण त्याने एक चूक केली. "काकू, तुम्ही बाहेरून आलात का?" असं मला विचारलं.

मी? बाहेरून? त्यानंतर मी त्याला तोंड उघडू दिलं नाही. दर्ग्यापाशी तो इतिहास सांगायला लागला, की मी "इथल्या उरुसात आम्ही बांगड्या भरायचो!" जैन मंदिरापाशी, "शेजारच्या शहाकाकांच्या जिन्यावरून मी पडले होते!" सगळी मंडळी माझ्याभोवती आणि ऋत्विक छत्री उंच धरून एकटाच मागे. लुकास नावाच्या जर्मन पाहुण्याने तर मी पडले त्या पायरीचा फोटोसुद्धा काढला.

तांबट आळीत वळलो. आता एकाच दुकानात ठकठक चालू होती. तेवढ्यानेही माझी पावलं भराभर पडायला लागली. आणि समोर आमचं घर! रंग पोपटी (कुणी सुचवला देव जाणे), पण जिना तोच. दारात रांगोळी.

"चला, वर जाऊ," मी म्हणाले.

"काकू, हे आपल्या रूटमध्ये नाही..."

"माझ्या आहे!"

वर दारात रेशमी साडीतल्या एक बाई उभ्या होत्या. मी हात जोडले. "आम्ही बघायला आलोय."

"अगंबाई, लवकर आलात! या, या!"

काय ही माणुसकी! शेजारून खुर्च्या आल्या, पाणी आलं, कांदेपोहे आले. मग बाई माझ्या कानाशी वाकल्या. "मुलगा जर्मनीत असतो असं मध्यस्थांनी सांगितलं होतं. पण..." त्यांनी लुकासकडे पाहिलं, "इतका जर्मन असेल असं वाटलं नव्हतं."

माझा घास घशातच अडकला. तेवढ्यात आतून चहाचा ट्रे घेऊन मुलगी आली! लुकासने उठून "नमस्ते" केलं आणि फोटो काढला. मुलगी खुदकन हसली. मुलीच्या वडिलांना घाम फुटला.

मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण ती मुलगी नेमकी त्या भिंतीशी बसली, जिथे कधीकाळी मी बसले होते. तेव्हा आई आतल्या दाराआडून मला पदर नीट करायच्या खुणा करत होती. मी नकळत त्या दाराकडे पाहिलं. तिथे आता फ्रिज होता. मला रडूच फुटलं.

"विहीणबाई, काय झालं? मुलगी आवडली नाही का?"

"आवडली हो! पण हे माझं माहेर आहे!"

"अहो, माहेर मुलीचं! तुमचं कसं?"

मुक्ताने कपाळावर हात मारला आणि एका दमात सगळा खुलासा केला. बाई मटकन खाली बसल्या. इतक्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. खरी मंडळी आली! जिना एकच आणि तोही चिंचोळा. बाईंनी आम्हा सगळ्यांना पोह्यांच्या बशांसकट ढकललं आणि दार ओढून कडी लावली.

कुठे ढकललं? गॅलरीत!

तर अशी मी माझ्या गॅलरीत उभी राहिले. एका बाजूला लुकास, दुसऱ्या बाजूला ऋत्विकची छत्री. समोर नवी इमारत झाली होती.

"गंगा कुठून दिसायची गं?" मुक्ता कुजबुजली.

"त्या पाण्याच्या टाकीच्या मागे."

तिने टाचा उंचावल्या. "हो गं आई, दिसली."

काही दिसत नव्हतं. पण खालून ठकठक येत होती. मी डोळे मिटले. आईची फार आठवण आली.

"काकू," ऋत्विक हळूच म्हणाला, "घाट राहिलाय."

पुष्कळ वेळाने कडी निघाली. "जमलं!" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी मला कुंकू लावलं, माझी ओटी भरली. "माहेरी येत जा हं, ताई."

परतताना नारळ मांडीवर घेऊन मी रिक्षात ऐटीत बसले.

"कुठनं आल्या मावशी?" रिक्षावाल्याने विचारलं.

"माहेराहून! तांबट आळीतून!"

"तांबट आळीतनं? मी तिथलाच की! कुणाकडच्या तुम्ही?"

त्या बाईंचे पोहे खाल्ले, त्यांच्या घरात रडले, ओटीसुद्धा घेतली. पण या नव्या माहेरचं आडनाव काय, ते विचारायचंच राहून गेलं होतं!