विमलची तेरा भागांची गोष्ट

विमल गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं. कार्ड सांगलीहून माझ्या शाळेच्या पत्त्यावर साताऱ्याला आलं होतं; पण सुट्टी चालू असल्यानं शिपायानं ते टेबलावरच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं आणि माझ्या हाती पडलं तेव्हा तिला जाऊन अठरा दिवस झाले होते. जलदान विधीसुद्धा उरकला होता. तिच्या धाकट्या बहिणीनं, कमलनं, चारच ओळी लिहिल्या होत्या. 'आक्का गेली. शेवटी फार त्रास झाला नाही. तुमची आठवण काढायची. सवडीनं येऊन जावे.' मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि पुन्हा त्याच गठ्ठ्यात ठेवलं. सवड तर मला वर्षभर होती...

विमल बनसोडे हे नाव या पुरवणीच्या वाचकांना ठाऊक असायचं कारण नाही. साताऱ्यात एस.टी. स्टँडमागच्या बोळात तिचं व्हिडिओ लायब्ररीचं दुकान होतं, एवढीच तिची जगाला ओळख. दुकान मुळात तिच्या वडिलांनी काढलेलं. अण्णा सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. लग्न करायचं नाही असं मोठ्या मुलीनं ठरवल्यावर त्यांनी वाद घातला नाही, बसायला एक दुकान काढून दिलं. मी नव्वदच्या सुमाराला तिथं पहिल्यांदा गेले ते गाजलेला एक हिंदी सिनेमा मागायला. काउंटरमागची सावळी, उंच, चष्मा लावलेली बाई मला म्हणाली की तो सिनेमा बाहेर गेलाय आणि नसता गेला तरी मी तुम्हाला दुसरं काही दिलं असतं. मी मराठीची शिक्षिका; दुकानदारानं मला काय बघायचं ते शिकवावं याचा मला राग आला होता. तरी तिनं दिलेली कॅसेट घेऊन मी घरी गेले.

ते पाकिस्तानी नाटक होतं. त्या काळी तिकडच्या टीव्हीवरच्या मालिकांच्या कॅसेट आखातातून फिरत फिरत आपल्याकडे यायच्या. नकलेची नक्कल असलेलं ते चित्र, पडद्यावर मुंग्याच मुंग्या, आणि उर्दू अर्धंमुर्धं कळणारं. एका घरात एक मुलगी आणि तिच्या आत्याचा मुलगा. पहिल्या भागात ती त्याला चहा आणून देते आणि तो पितो. म्हणजे खरंच पितो, कप संपेपर्यंत. मी दुसऱ्या दिवशी कॅसेट परत करताना म्हणाले की यात काही घडतच नाही. विमल म्हणाली, "बाई, त्यानं कप खाली ठेवल्यावर तिनं तो उचलायला किती वेळ लावला, बघितला का तुमी?" मी बघितला नव्हता. तिनं पैसे घेतले नाहीत आणि तीच कॅसेट मला परत दिली.

तेव्हापासून रविवारची दुपार मी दुकानाच्या मागच्या खोलीत काढू लागले. तिथं एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि अण्णांची आरामखुर्ची. सैन्यात पंजाब्यांबरोबर वर्षं काढलेले अण्णा अडलेला उर्दू शब्द सांगायचे. मधेच विमल कॅसेट थांबवायची आणि बोलायला लागायची. गोष्ट कशी सांगावी याबद्दल इतकी ठाम मतं असलेलं माणूस मी आधी आणि नंतरही पाहिलेलं नाही. प्रेमाची गोष्ट अर्ध्याच्या आत कबुलीवर आली तर उरलेलं अर्धं सासूवर ढकलावं लागतं, असं तिचं म्हणणं होतं. नायिका वाट बघते म्हणून तिला नुसती खिडकीत उभी केली की तिला चीड यायची. वाट बघणाऱ्या बाईलाही स्वयंपाक करावा लागतो, धुणं धुवावं लागतं, ते दाखवा आणि त्यातून वाट बघणं दाखवा, म्हणायची. अपघात, स्मृती जाणं, जुळं भावंड उपटणं या सगळ्याला तिचा एकच शब्द होता, धक्का. "गोष्ट आपल्या अंगानं चालंना की लेखक धक्का मारतो. त्याला घाई झालेली असती, दुसरं काय न्हाई."

दूरदर्शनवर तेव्हा हिंदीत केलेली एक जपानी मालिका लागायची. एका भागात ती नायिका बर्फातून नुसती चालत होती आणि मी जांभई दिली. विमल शांतपणे म्हणाली की गाव लांब असलं तर चालायला तेवढा वेळ लागणारच. एकदा तर बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणा गिऱ्हाइकानं एक चिनी मालिका आणून दिली. खाली इंग्रजी अक्षरंसुद्धा नव्हती, एक शब्द आम्हाला कळत नव्हता. ती तिनं सबंध पाहिली आणि मला गोष्ट सांगितली: ही याच्यावर प्रेम करते, त्याला ते आत्ता कळलं, पण फार उशिरा नव्हे, फार लवकर कळलं, म्हणून पुढचे भाग फसलेत. भाषा कळत नसली की वेग नीट दिसतो, असं तिला वाटायचं. अण्णा हसून म्हणायचे, "आमची पोरगी टीव्ही बघत न्हाई, परेड इन्स्पेक्शन करती." त्यांना तिचा अभिमान वाटायचा हे दिसायचं.

अण्णा गेले त्या वर्षीच्या दिवाळीत विमलनं माझ्यासमोर चार जाड वह्या ठेवल्या. तेरा भागांची मालिका, तिनं स्वतः लिहिलेली. गोष्ट साधी होती. घर सांगलीत असलेली साताऱ्याची एक नर्स दर शनिवारी एस.टी.नं आईकडे जाते. इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते. तिथल्या चौकशीच्या खिडकीत एक माणूस बसतो. पहिल्या भागात ती त्याला विचारते की पुढची गाडी किती वाजता, तो सांगतो. बस्स. चौथ्या भागापर्यंत ते गाड्यांबद्दलच बोलतात. सहाव्या भागात गाडीचं चाक पंक्चर होतं आणि सबंध भाग ती दोघं स्टँडच्या बाकावर मधे एका माणसाची जागा सोडून बसतात. तो तिला त्याच्या बहिणीच्या आजारपणाचं सांगतो, ती कुठलं औषध द्यावं ते सांगते. सातव्यात तो पहिल्यांदा तिचं नाव घेतो. मी त्या ओळीपाशी थांबले होते, हे मला नक्की आठवतं. पण मी बाई होते, शाळेतली बाई. मी आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासले.

मग मीच पुढाकार घेतला. माझ्याबरोबर बी.ए.ला असलेला एक जण पुण्यात मालिका करणाऱ्यांकडे लिखाणाचं काम बघायचा. आम्ही दोघी पुण्याला गेलो. विमलनं त्या दिवशी ठेवणीतली निळी साडी नेसली होती. तो माणूस वाईट नव्हता, त्यानं वह्या वाचल्या होत्या. म्हणाला, यात काहीतरी आहे, पण फार संथ. आता लोकांच्या हातात रिमोट आलाय, पहिल्या पाच मिनिटांत काही घडलं नाही तर ते निघून जातात. पहिल्याच भागात गाडीला अपघात होऊ द्या, त्यानं तिला वाचवू द्या, तिसऱ्या भागात कबुली, आणि शेवट गोड. विमलनं वह्या उचलून पिशवीत घातल्या. परतीच्या गाडीत, खंबाटकी ओलांडल्यावर, एवढंच म्हणाली, "म्हंजे धक्का मारा म्हणतोय."

तिला पटवलं ते मी. एकदा नाव झालं की पुढची मालिका तुझ्या मनासारखी कर, हे मी महिनाभर तिला सांगत राहिले. शेवटी ती हो म्हणाली. पुढच्या चार रविवारी आम्ही त्याच मागच्या खोलीत बसलो. टीव्ही बंद होता. माझ्या हातात लाल पेन होता, मुलांचे निबंध तपासायचा. बाकावरचा तो सबंध सहावा भाग मी आडव्या रेघांनी खोडला. ती माझ्या हाताकडे बघत होती. खोडलेल्या पानांवर तिनं खळीनं कोरे कागद चिकटवले आणि त्यावर अपघात लिहिला, हॉस्पिटल लिहिलं, पावसातली कबुली लिहिली. हस्ताक्षर तेच, सुंदर, घोटलेलं. दुसरी प्रत काढून ठेवावी हे दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

दोन महिन्यांनी पुण्याहून पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की पहिल्या लेखनात वेगळेपणा होता, आता ही गोष्ट इतरांसारखीच झाली आहे, तेव्हा क्षमस्व. वह्या मागवल्या, तर कळलं की त्यांचं ऑफिस दुसऱ्या जागेत गेलं आणि त्या गडबडीत त्या कुठं गेल्या ते सांगता येत नाही. मी तीनदा लिहिलं, एकदा जाऊनही आले. मिळाल्या नाहीत. विमलला हे सांगायला गेले तेव्हा ती कॅसेटवरची बुरशी कापसानं पुसत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, पुढची कॅसेट उचलली आणि म्हणाली, "हिला जास्तच धरलीया." त्यानंतर मी रविवारी जाणं कमी केलं. कारणं पुष्कळ होती, पण खरं कारण हेच.

दरम्यान घरोघर केबल आली आणि बोळात कुणी वळेना. सत्त्याण्णव साली विमलनं दुकान बंद केलं. त्याच सुमाराला मूत्रपिंडं बिघडल्याचं निघालं आणि ती सांगलीला कमलकडे गेली. तिथून मिरजेचं हॉस्पिटल जवळ. मी तिला तिथं एकदाच भेटले, गेल्या वर्षी. अंगावर सूज, चेहरा राखेसारखा. शेजारच्या घरातून कुठल्याशा रोजच्या मालिकेचा आवाज येत होता. ती म्हणाली, "ही मी रोज ऐकती. हिला घाई बी लय हाय आणि ही जात बी न्हाई कुठं." मी हसले आणि मग मला ते हसू टिकवता येईना, रडायलाच आलं. माझं चुकलं, असं मी म्हणाले. चार वर्षांनी म्हणाले. "पेन तुमचा हुता, पर वही मीच दिली न्हवं? अण्णा गेलं, दुकान चालंना, चाळिशी आली. वाटलं, एकदा कुणीतरी बघावं. मला घाई झाली, बाई." यात मला माफी होती की नाही, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. पुन्हा येते म्हणून मी निघाले आणि पुन्हा गेले नाही.

कार्ड मिळाल्यावर मात्र दुसऱ्याच दिवशी सांगली गाठली. कमलचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली विमलची खाट, गादी गुंडाळून ठेवलेली. कमल एका टेलरकडून ब्लाउज आणून त्यांना हुकं लावण्याचं काम करते. तिनं चहा दिला आणि माझ्यासमोर बसून मला सांगितलं की शेवटच्या दिवसांत आक्का तिला दुपारी एक गोष्ट सांगायची. नर्सची आणि स्टँडवरच्या माणसाची. रोज एक भाग, तीन वाजता, डोळे मिटून. ज्या दिवशी मिरजेला जावं लागे त्या दिवशी नाही. मधे कमलनं पुढचं विचारलं तर सांगायची नाही. बाकावरचा भाग तर तिनं दोन दुपारी सांगितला. म्हणजे ते सगळं तिच्याकडे होतं. शब्द न् शब्द...

"अकरा झालं," कमल म्हणाली. "बाराव्याच्या दिवशी सकाळी तिला न्यावं लागलं. तवा राहिलंच. तुमी वाचलंया ना? पुढं काय हुतं, बाई?"

मी तोंड उघडलं आणि मला काही आठवेना. त्या दिवाळीत माझ्याकडे सहामाहीचे पेपर होते. शेवटचे दोन भाग मी पेपरांच्या गठ्ठ्यावर वही ठेवून भराभर उलटले होते; शुद्धलेखन तेवढं पाहिलं होतं. त्यावर चिकटवलेले कागद मला पाठ होते, खालचं नाही. मी खूप प्रयत्न केला. त्याची बदली होते की तिची? ती शेवटी गाडीतून उतरते का? कमल हातातली सुई तशीच धरून माझ्याकडे बघत होती. अखेर मी तिला आम्ही चिकटवलेला शेवट सांगितला: ती आजारी पडते, तो धावत साताऱ्याला येतो, सगळ्यांसमोर तिचा हात धरतो, तिची आई हो म्हणते.

कमलनं शेवटपर्यंत ऐकलं. मग हळू आवाजात म्हणाली, "न्हाई. हे आक्काचं न्हाई."

मी खरं ते सांगितलं. ती रागावली नाही, नुसती मान हलवली. निघताना दारातून मागं वळून पाहिलं, तर ती खाटेजवळच्या पाटावर, खाटेकडे तोंड करून बसली होती आणि दोरा ओवत होती. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला आले होते. ती रोज तिथंच बसते म्हणाली, उजेड तिथं चांगला येतो. पण त्या खोलीत उजेड दाराकडून येतो आणि दाराकडे तिची पाठ होती.