करवतीच्या टेबलावरच्या खाचा

कळंब्यात शेजारच्या घरी दारांचं काम चाललंय. दिवसभर पेपर तपासून दमून घरी आले, की सागवानाच्या भुशाचा वास येतो आणि मी गारगोटीला, वडिलांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये पोचते.

आप्पा पेन्सिलीच्या रेघेवर नुसत्या नजरेनं फळी कापायचे. माझा बी.एस्सी.चा निकाल लागला, त्याच आठवड्यात त्यांनी केलेलं दुसरं दार वाकडं म्हणून परत आलं. तिसरं आलं असतं तर कामच तुटलं असतं. मग आम्ही दोघांनी करवतीच्या टेबलावर, फळी टेकवायला सरकती पट्टी बसवली. हवी तिथं सरकवायची आणि बोल्ट आवळायचा. टेबलाच्या कडेवर मी पेनानं इंच लिहायला घेतले.

"आकडं नको. दर इंचाला खाच पाड."

"आप्पा, तुमास्नी आकडं वाचाय येत्यात की!"

"व्हय गं ग्रॅज्युएट बाई, येत्यात. तू खाच पाड."

म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून मी हसले. आप्पा अंगठ्यानं खाचा मोजत पट्टी सरकवायचे आणि फळी सरळ निघायची.

काल गुणांची बेरीज करताना मला आकडे पुसट दिसले. घरात मी कुणालाच सांगितलं नाही. आप्पांनी निदान मला खाचा पाडायला तरी सांगितलं होतं.