खिळ्यावरचा कोट

आमच्या मास्तरांना टेप लागत नाही, हे अख्ख्या रस्त्याला माहीत होतं. बायकांचे कपडे शिवणारं दुकान, पण मास्तरांनी कधी बाईच्या अंगाला बोट लावलं नाही. मापं मी घ्यायची. ते पाठ करून उभे राहायचे, मी आकडे सांगायची, ते वहीत लिहायचे. कच्ची शिलाई झाली की बाई ट्रायल रूममध्ये कपडा घालून बघायला जायची, आणि तेवढ्या वेळात मास्तर मागच्या अंगणात इस्त्री करायचे. बाई गेली की आत येऊन सांगायचे, "ताई, उजवीकडे पाव इंच सोड. तिथं अंग भरलंय." मी सोडायची, आणि कपडा असा बसायचा की बाई आरशासमोरून हलायची नाही.

"मास्तर, तुम्हाला कळतं तरी कसं?" मी विचारायची.

"कापड बोलतं, ताई. ऐकायला शिकलं पाहिजे."

सोळा वर्षं मी कान लावून बसले. मेलं कापड माझ्याशी अवाक्षर बोललं नाही. काजं करणारी माझी मैत्रीण मला चिडवायची, "तुझ्याशी नाही बोलत ते, तूच फार बडबडतेस." मी हसण्यावारी न्यायची, पण आतून लागायचं. वाटायचं, आपणच मठ्ठ.

एक शाळेतल्या बाई यायच्या. त्यांचा डावा खांदा थोडा उतरलेला होता आणि आयुष्यभर त्यांनी तो पदराआड, शालीआड लपवला होता. मापं घेऊन माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मास्तरांनी ट्रायलनंतर डाव्या खांद्यात पातळ गादी घालायला लावली. कोट घालून त्या बाई आरशासमोर रडल्या. मास्तर इतके संकोचले की चहा सांगायला निघून गेले. देवमाणूस, असं मी त्या दिवशी घरी जाऊन सांगितलं.

माझंच एक सांगते. धाकटीच्या वेळी माझं पोट फाडावं लागलं होतं. तो वण नवरा सोडून कोणी बघितलेला नाही, आणि त्याबद्दल मी कोणापाशी बोललेही नाही. मी स्वतःचा एक झगा दुकानात शिवला, तिथंच घालून बघितला. दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "ताई, पोटावर आडवी शिवण घेऊ नकोस. टाक्यांना टोचेल." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सख्ख्या भावाला सुचलं नसतं ते ह्यांना सुचलं, एवढंच मनात आलं. कसं सुचलं, हे आलंच नाही.

म्हणून तर धाकटीची शाळा संपल्यावर मी त्यांच्यापुढे हात जोडले. म्हटलं, मला जमलं नाही, हिला तरी ते शिकवा. ते म्हणाले, "सोमवारपासून पाठव. पोरीची बोटं चांगली आहेत." मी आठवडाभर हवेत होते.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, सूर्यग्रहण होतं. मास्तरांनी पुठ्ठ्याचे तीन काळे चष्मे आणले आणि जाहीर केलं, "साडेतीनला मशिनं बंद. सगळ्यांनी मिळून बघायचं." शटर अर्धं ओढलं आणि आम्ही मागच्या अंगणात स्टुलं टाकून बसलो. मी, काजवाली, ओव्हरलॉकच्या मशिनवरची आमची जाडी, आणि सोमवारच्या आधीच येऊन बसलेली माझी धाकटी. चष्मे तीन, डोळे दहा. ओढाओढी सुरू झाली.

अंगण कसलं, इस्त्रीच्या टेबलापुरती जागा. एका बाजूला ट्रायल रूमची मागची भिंत. ती खोली म्हणजे दुकानातून अंगणात ढकललेलं प्लायवूडचं खोकं, दार दुकानाच्या बाजूनं. त्या भिंतीवर एका खिळ्याला मास्तरांचा तपकिरी कोट टांगलेला असायचा. त्यांनी आयुष्यात शिवलेला पहिला कोट. उन्हानं विटलेला, कॉलर फाटलेली, पण त्याला कोणी हात लावायचा नाही असा दंडक. आम्ही त्याला 'थोरले साहेब' म्हणायचो.

जाडीला ऊन सोसत नाही. तिनं सरळ उठून थोरल्या साहेबांना खिळ्यावरून उतरवलं आणि डोक्यावर घेतलं.

"तो जागेवर लाव!"

मास्तर ओरडले. सोळा वर्षांत पहिल्यांदा. आम्ही दचकलो.

"लावते हो," जाडी म्हणाली, "सूर्यच संपत आलाय, मग सावली कशाला लागणार आहे?"

आम्ही फिदीफिदी हसलो. मास्तर कोट घ्यायला अर्धे उठले होते, तेवढ्यात काजवाली किंचाळली, "लागला! कडेला लागला!" आणि तेही चष्मा लावून खाली बसले. एकदा बसले ते बसलेच. लहान मुलासारखे आ करून वर बघत होते.

तासाभरात सूर्य निम्म्याहून जास्त गेला. ऊन होतं, पण फिक्कं, पाणी घातल्यासारखं. मास्तरांनी खिशातून कोटाचं एक बटण काढलं आणि धाकटीला म्हणाले, "गंमत बघ." त्यांनी पांढऱ्या अस्तरावर, हातभर वर, ते बटण धरलं. बटणाच्या सावलीत उजेडाचे चार ठिपके पडले. ठिपके कसले, चार चंद्रकोरी! वरच्या सूर्यासारख्याच.

"बारीक भोक असलं की ऊन सूर्याचं चित्र काढतं," मास्तर म्हणाले.

"कुठलंही भोक?" धाकटीनं विचारलं.

"कुठलंही. बारीक पाहिजे."

मी धाकटीकडे बघत होते. तिचे डोळे असे चमकत होते की मला वाटलं, झालं, माझ्या पोरीला गुरू मिळाला. चष्मा पुन्हा मास्तरांकडे गेला तसं मी तिला म्हटलं, "इथं नंबर लागायची वाट बघण्यापेक्षा जा, सोमवारचा तुझा एप्रन घालून बघ. ट्रायल रूममध्ये ठेवलाय."

ती गेली. मिनिटभरात आतून हाक आली, "आई! आई, लवकर ये, गंमत बघ!"

मी गेले. खोलीत दिवा लावलेला नव्हता. धाकटी शमीजवर उभी होती, एप्रन हातात, आणि हसू दाबत स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवत होती. पांढऱ्या शमीजवर, बेंबीच्या जरा वर, उजेडाची नखाएवढी कोर थरथरत होती.

"माझ्या पोटावर सूर्य आलाय! अगदी बटणातल्यासारखा!"

मीही हसले. खरंच हसले. म्हटलं, "अगं बाई, हा कुठून आला?"

आणि मग माझं मलाच ऐकू आलं, मी काय विचारलं ते.

मी कोरीपासून हात वर नेत गेले. उजेड माझ्या हातावर चढत भिंतीपर्यंत गेला. माझ्या कपाळाच्या उंचीला, प्लायवूडच्या काळ्या गाठीत भोक होतं. पेन्सिलीचं टोक जाईल एवढं. मी बोट लावलं. कडा गुळगुळीत होत्या, पॉलिशपेपरनं घासलेल्या. धाकटीच्या पोटावरची कोर विझली आणि माझ्या बोटाच्या पेरावर आली. पलीकडे, बरोबर वर, खिळा असणार. थोरल्या साहेबांचा खिळा.

मी स्टुलावर बसले. टाक्यांना टोचेल. टाक्यांना टोचेल, म्हणाला होता. मी तोंडावर हात दाबून धरला. त्या शाळेतल्या बाई आठवल्या, आरशासमोर रडणाऱ्या. किती जणी आठवल्या. मी स्वतः दाराचा पडदा सरकवून द्यायची त्यांना. "निवांत घाला, कोणी येत नाही," असं म्हणायची. मी म्हणायची! आणि आता हाताला धरून पोटची पोर आणून दिली होती.

"आई, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"कपडे घाल," मी म्हटलं. "आधी कपडे घाल." आणि ती घालेपर्यंत त्या भोकाला पाठ लावून उभी राहिले.

मी अंगणात गेले. तो अजून वरच बघत होता. तसला चष्मा लावला की सूर्याशिवाय काही दिसत नाही. मी काजवालीच्या खांद्याला हात लावला आणि आत बोट दाखवलं. ती हसत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडाला रंग नव्हता. मग जाडी गेली, कोट डोक्यावर घेऊन. आतून तिचा एक आवाज आला, चटका बसल्यावर येतो तसा. ती बाहेर आली तेव्हा कोट हातात होता, अंगापासून लांब धरलेला.

"किती बारीक राहिला बघा," तो वर बघत म्हणाला. "दोन मिनिटं फार तर. बघताय ना सगळ्या?"

काजवालीनं हातातला चष्मा इस्त्रीच्या टेबलावर ठेवून दिला.

"गप्प का?"

धाकटी सगळ्यात शेवटी आली. तिला कळलं होतं. आतून येताना तिनं भिंतीला डोळा लावून बघितलं नव्हतं, पण आमची तोंडं बघितली होती. तिनं एप्रनची घडी केली, इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि माझा हात धरला. तिची बोटं गार पडली होती. सोमवारी ती येणार नव्हती, मीही नाही. ठरवावं लागलंच नाही. जाडीनं कोट त्याच्या पायाशी टाकला.

काहीतरी पडल्याचा आवाज झाला तसा त्यानं चष्मा काढला. डोळे मिचकावले. त्या फिकट उजेडात आम्ही चौघी त्याच्यासमोर उभ्या होतो आणि चौघी त्याच्याकडे बघत होतो.

"काय झालं?" तो म्हणाला. "अशा का बघताय?"

आम्ही बघतच राहिलो. त्यानं हातानं शर्टाची बटणं चाचपली, गळ्यापाशी शर्ट आवळून धरला. मग पायाशी पडलेला कोट त्याला दिसला, आणि आमच्यापैकी एकीकडेही न बघता त्याची मान खिळ्याकडे वळली.