हमीद पिंजाऱ्याची झोपलेली झाडं

१९९६ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि रिकाम्या जमिनीची राखण करणारा माणूस मी त्या साली पहिल्यांदा पाहिला. हमीद पिंजारी नुकताच आमच्या शेजारी राहायला आला होता. वैशाखातली सकाळ होती. घरामागच्या वाडीला आमच्या नागभीडकडे सांदवाडी म्हणतात. मिरच्या, वांगी, वाल असं काहीबाही तिथं असतं. हमीदच्या सांदवाडीत हिरवं पान नव्हतं. नुसत्या बांबूच्या कामट्या रोवलेल्या, आणि प्रत्येक कामटीच्या टोकाला गादीच्या कापडाची चिंधी. माझी बकरी कुंपणाच्या फटीतून तिकडं शिरली, तर हा माणूस हातातलं काम टाकून असा धावला, जसं काही तिनं उभं पीक फस्त केलं.

"काऊन बे, मातीच तर खाऊन राह्यली ती," मी म्हटलं.

"माती खाऊ द्या ना भाऊ. पण पाय नोको देऊ द्या. खाली झोपून आहेत."

"कोण?"

"झाडं."

पिंजता पिंजता कापूस याच्या डोक्यात गेला, असं मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

हमीद गाद्या-रजया भरायचा. धानकापणी झाली की सायकलला पिंजायची धनुकली बांधून निघायचा आणि गावोगाव फिरायचा. परत येताना लोक त्याच्या पिशवीत शिळी भाकर नाहीतर चिवडा पाहत, पण त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली मुळं असत. जिवतीच्या डोंगरातल्या एका गोंड बाईची गादी भरली, तर तिच्या अंगणातला भुईचाफ्याचा गड्डा मागून आणला. माजरीला एका मद्राशी साहेबाच्या क्वार्टरमधून मिऱ्याचा वेल आणला. नाव माहीत नाही, फूल पाहिलं नाही, आपल्या मातीत ते जगतं की नाही ते ठाऊक नाही, तरी लावायचं. फक्त एक अट. झाड एका हंगामात मरणारं नको, वर्षानुवर्षं राहणारं पाहिजे. "धान तुमी लावता ना, भाऊ," तो म्हणायचा. "जाणारं तुमी लावा, राह्यणारं मी लावतो."

मी धानवाला माणूस. पेरलं, रोवलं, कापलं, खाल्लं, आणि जमीन मोकळी. जे झाड अर्धं वर्ष तोंड दाखवत नाही त्याचा मला काय उपयोग? मी त्याला तसं तोंडावर बोलायचो. मिऱ्याच्या वेलाला आमचा उन्हाळा सोसेना, म्हणून त्यानं त्याच्यावर ओलं पोतं टाकलं, वरून जुनी चादर टाकली. "दुल्हन बसवली का बे?" मी कुंपणावरून विचारलं. तो म्हणाला, "बसवली. पण पळून जाते वाटते." आणि वेल खरंच गेला. पुढच्या वर्षी त्यानं दुसरा आणला. तोही गेला. मग तिसरा. असा माणूस. सोनटक्का मात्र मोरीच्या पाण्यावर एवढा माजला की पावसाळ्यात सगळ्या आळीला वास यायचा. तेव्हा मी काही बोललो नाही.

झोपलेल्या झाडाला पाणी घालायचं नाही, हा त्याचा कायदा होता. त्याची बायको रशीदाबाई एकदा भांड्यांचं पाणी कामट्यांमध्ये फेकायला गेली, तर हा ओरडला, "अवं बेगम, झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतते का कोणी? ठसका लागून मरन ना."

त्यांना एकच मुलगी, नसरीन. बापाच्या मागंमागं त्या चिंध्या बांधत फिरायची. कोणत्या कामटीखाली कोण झोपलंय ते बापापेक्षा तिला जास्त पाठ. तिचं लग्न हमीदनं सिरोंच्याला ठरवलं. पार गोदावरीच्या काठी, जिथं माणसं तेलुगू बोलतात. रशीदाबाई नको नको म्हणत होती. "एवढ्या दूर पोरगी काऊन देता?" तर हा म्हणाला, "गाडी जाते ना तिथवर." मुलगा चांगला होता, माणसं चांगली होती, हे मी आजही सांगतो. पण दूर ते दूरच.

पुढच्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर सिरोंच्याहून एका पाहुण्याबरोबर नसरीननं एक कांदा पाठवला. मुठीएवढा, वर तांबडं सालपट. पाहुण्यानं निरोप सांगितला. हे तिच्या सासरच्या आडाजवळचं झाड आहे. भर उन्हाळ्यात जमिनीतून एकदम दांडा येतो आणि त्यावर लाल चेंडूसारखं फूल. पानं मागून येतात. नाव तेलुगूत होतं, ते पाहुण्यालाही नीट सांगता येईना. हमीदनं तो कांदा मला कुंपणावरून दाखवला. मी म्हटलं, "भाजीत टाक." तो हसला, आणि कामटी रोवून त्यानं तो लावला. नसरीनला तेव्हा दिवस गेले होते.

माघात ती बाळंतपणात गेली. मुलगी वाचली.

हमीद आणि रशीदाबाई गेले, मातीला हात लावून आले. परत आल्यावर रशीदाबाईनं माझ्या बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून सांगितलं, "यायनं पोरीले हातात नाई घेतलं. पाह्यलंबी नाई." मी हमीदला विचारलं, तर तो म्हणाला, "कोणतं तोंड घेऊन पाहू? मीच तर तिथं पाठवली." मग म्हणाला, "तो कांदा उगवला का जाईन. तिचं काही इथं उगवलं, तर मले तिकडं जाता येईन."

"लेकराले कांदा काऊन अडवून राह्यला बे?" मी म्हटलं. "कांदा कांदा आहे, पोरगी पोरगी आहे."

"तुमाले नाई समजणार, डोमाभाऊ."

मला समजत नाही असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही.

पण कुंपणावरून दिसायचं ते दिसत होतं. हमीद नमाजासाठी वजू करायचा, म्हणजे हातपाय, तोंड धुवायचा, तो मोरीजवळच्या दगडावर बसून. आता त्यानं तो दगड उचलून कांद्याच्या कामटीजवळ नेला. पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रत्येक नमाजाच्या वजूचं पाणी त्या जागी. बाकीची सांदवाडी उन्हानं भेगाळलेली, आणि तेवढी वीतभर जागा काळी ओली. मी अबोला सोडला आणि म्हटलं, "हमीद, तूच सांगते ना, झोपलेल्याले पाणी देऊ नये?"

त्यानं वजूचा बदना, तो तोटीचा लोटा, खाली ठेवला. "हे पाणी नोहे, भाऊ. वजूचं आहे."

"मातीले काय समजते?"

"तिले समजन," तो म्हणाला. तिले म्हणजे कोणाला, ते मी विचारलं नाही.

मृग लागला, पाऊस झाला. भुईचाफा वर आला, सोनटक्का आला, मेली म्हणून सोडलेली एक मुळीसुद्धा कुठून तरी फुटली. त्या काळ्या जागेत काही नाही. आषाढ निम्मा झाला तेव्हा एका सकाळी हमीद खुरपं घेऊन बसला. मी कुंपण ओलांडून गेलो. त्यानं बोटांनी माती बाजूला केली. कांद्याच्या जागी लगदा होता, हात लावला तर बोटाला चिकटला, वास सुटला. हमीद ते बोट पाहत राहिला.

"आपल्याच हातानं, डोमाभाऊ," तो म्हणाला. "दुसरं कोणी असतं तर मी त्याले हाकललं असतं."

मी त्याच्या शेजारी चिखलात बसलो. मला सांत्वन करता येत नाही, कधी आलं नाही. रशीदाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "कांदा गेला. पोरगी आहे ना अजून. आता रांगत असन. तिले पाहून या." हमीद म्हणाला, "कोंब नाई आला ना." मग मात्र मी तोंड सोडलं. त्याला सांगितलं, पोरीला आजा नाही का बे, कांद्याची नात आहे का ती? खूप बोललो. तो ऐकत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "आता नदीनाल्यांले पूर आहे. पाणी उतरू द्या. तुमचं धान कापून होऊ द्या, मग जाऊ. तुमी संग चाला. एकट्यानं माह्यानं होणार नाई."

त्यानंतर त्यानं सांदवाडीत नवीन काही लावलं नाही. सोनटक्का फुलला, पण फुलं कोणी तोडली नाहीत. जन्मभर कापसाची धूळ छातीत गेलेली, दसऱ्यानंतर दम वाढला. एक गादी भरायला घेतली ती अर्धी राहिली. बसल्या बसल्या झोपायचा. मी गेलो की एकच विचारायचा, "कापणी कुठवर आली?" मी म्हणायचो, "झाली म्हण." झाली नव्हती. त्या वर्षी धान उशिरा पिकलं होतं.

कार्तिकात, माझी धानाची शेवटची बांधी कापली त्याच दिवशी दुपारी तो गेला. संध्याकाळी माती दिली. मीही ओंजळभर टाकली.

हमीदच्या घरी आलो तर अंगणात त्याचा चंद्रपूरचा साळा बसलेला. आत, पडद्यामागून रशीदाबाईचा आवाज आला. तिची नवऱ्यामागची इद्दत सुरू झाली होती. आता चार महिने दहा दिवस तिला घराबाहेर पडता येणार नव्हतं.

"डोमाभाऊ, त्या पोरीच्या घरी कोण सांगन?"

साळा म्हणाला, "आपा, सिरोंच्याच्या एका दुकानात फोन आहे. सकाळी करतो ना मी."

"फोनवर मरण सांगतात का?" मी म्हटलं. "नसरीनच्या मातीनंतर त्या पोरीकडं इथून कोणी गेलं नाई. पयला गेला तो फोन गेला, असं होऊन राह्यलं का?"

"पण चाचा, तुमचं धान कापून पडलं आहे म्हणतात. वरून आभाळ आलं."

आभाळ खरंच आलं होतं. कापून पसरलेलं धान भिजलं की उगवतं, वर्षाचं खाणं जातं. माझ्या उभ्या आयुष्यात मी कापलेलं धान असं सोडून कुठं गेलो नव्हतो; आईच्या मातीलासुद्धा आधी भारे बांधून मगच गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धोतर बदललं, धान बांधीत तसंच पडू दिलं, आणि नागभीडहून गडचिरोलीची पहिली गाडी धरली. तिथून आलापल्ली, आणि पुढं सिरोंचा.